तोफ हेच निशाण

आमच्या गावच्या साक्षरता वर्गाला एक बाई येतात. वय पन्नाशीच्या घरात. दिवसभर शेतात राबतात आणि रात्री आठला पाटी घेऊन हजर होतात. त्यांचा धाकटा मुलगा फौजेत भरती झाला. त्याला तोफखान्यात घेतले. नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात त्याचे शिक्षण झाले. शिक्षण पुरे झाले म्हणजे तिथे शपथेची परेड होते. तिला कसम परेड म्हणतात. आईबापांना बोलावणे येते. बाई आणि त्यांचे मालक एस.टी.ने जाऊन परेड पाहून आले.

परत आल्यावर बाई वर्गात बसल्या, पण गप्प. आम्ही विचारले, "बाई, परेड कशी झाली?"

"लई चांगली झाली, गुरुजी. पोरगं ओळखूच येईना, एवढं ताठ चालत होतं."

"मग चेहरा असा का?"

बाई म्हणाल्या, "शेजारणीचा पोरगा पायदळात आहे. ती म्हणते, आमच्या पलटणीला स्वतःचं निशाण आहे, तुमच्या पोराच्या तोफखान्याला निशाणच नाही. मी पोराला फोनवर विचारलं. तो म्हणाला, आई, आमची तोफ हेच आमचं निशाण. म्हणजे काय हो, गुरुजी? तोफ ती तोफ, निशाण ते निशाण. पोरगं खरं सांगतंय, का माझी उगी समजूत काढतंय?"

वर्गातले सगळे आमच्याकडे बघू लागले. आम्ही सारी उमर शाळेत घालवली. पण या प्रश्नाचे नीट उत्तर त्या रात्री आम्हाला देता आले नाही. "सांगतो, पण सवड द्या," एवढेच म्हणालो. मग पुस्तके काढली. फौजेतून परत आलेल्या मंडळींना विचारले. जे कळले ते इथे सांगतो.

निशाण कशासाठी असते

आधी निशाणाची गोष्ट पाहू.

जुन्या काळी लढाई समोरासमोर होई. धूळ उडे, धूर होई, आरडाओरडा होई. आपली माणसे कुठे आहेत हे शिपायाला कळेनासे होई. मग तो मान वर करून निशाण शोधी. जिथे निशाण, तिथे आपली पलटण. निशाण उभे आहे तोवर लढाई चालू आहे. निशाण पडले की माणसांचा धीर सुटे. म्हणून निशाण वाचवायला शिपाई जीव देत. आपल्या मराठी फौजेत जरीपटक्याचा असाच मान होता.

आता लढाईत निशाण घेऊन कोणी जात नाही. पण मान राहिला आहे. पायदळाच्या पलटणी आपले निशाण परेडला मोठ्या इतमामाने बाहेर काढतात. ते समोरून जाताना लोक उभे राहतात. शिपाई सलाम करतात.

आता प्रश्न असा. तोफखाना तर फार जुना. मग त्याच्याजवळ असे कापडाचे निशाण का नाही? हे कळायला तोफ कशी चालते ते आधी समजून घ्यावे लागेल.

न दिसणारा माणूस

पुष्कळांना वाटते की तोफेमागचा शिपाई शत्रूला बघतो आणि गोळा सोडतो. पूर्वी तसे होते. आज बहुतेक वेळा तसे नसते. तोफ डोंगराच्या मागे, सात, दहा, वीस किलोमीटर लांब उभी असते. तोफेवरच्या माणसांना शत्रू दिसत नाही. आपले पायदळही दिसत नाही. त्यांना समोर दिसतो तो फक्त डोंगर.

मग नेम कसा धरतात?

तोफखान्याचा एक अधिकारी पुढे पायदळाबरोबर असतो. तो उंच जागी बसतो. हाती दुर्बीण आणि नकाशा. शत्रू कुठे आहे ते तो बघतो आणि बिनतारी यंत्रावरून मागे कळवतो. मागे दुसरी माणसे हिशेब करतात. तोफेचे तोंड किती उजवीकडे, किती डावीकडे. किती वर उचलायचे. दारू किती घालायची. वारा कोणत्या बाजूचा आहे. या हिशेबाचे आकडे तोफेवर येतात. पूर्वी हा हिशेब कागदावर होई. आता यंत्रे करतात. पण आकडा तो आकडाच.

तोफेवर सहा-सात माणसांची टोळी असते. प्रत्येकाला नंबर असतो. नंबर एक म्हणजे टोळीचा मुख्य. तो बहुधा हवालदार असतो. कोणी नेम लावतो, कोणी गोळा उचलतो, कोणी तो आत ढकलतो. प्रत्येकाला दुसऱ्याचेही काम शिकवलेले असते. एक पडला तर दुसऱ्याने त्याची जागा घ्यायची. तोफ थांबता कामा नये.

आकडा आला की तो मोठ्याने परत म्हणून दाखवायचा, असा तिथे नियम आहे. का? तर ऐकण्यात चूक राहू नये. आकडा चुकला तर गोळा भलतीकडे जाईल. कदाचित आपल्याच माणसांवर पडेल. मंडळी, आपल्या वर्गात ६ आणि ९ यांची गफलत झाली तर आपण हसतो आणि पुसून पुन्हा लिहितो. तोफेवर ते पुसता येत नाही.

पहिला गोळा पडला की पुढचा अधिकारी सांगतो, इतका पुढे पडला, इतका मागे पडला. त्याप्रमाणे तोफ हलवतात. मग बाकीच्या तोफाही त्याच ठिकाणी मारा करतात. आपल्या फौजेत साधारण सहा तोफांची एक बॅटरी होते आणि तीन बॅटऱ्यांची एक रेजिमेंट. म्हणजे अठरा तोफा.

यातली मुख्य गोष्ट ध्यानात घ्या. पुढे चढाई करणारा पायदळाचा शिपाई मागच्या तोफेवर भरवसा ठेवून पाऊल टाकतो. तोफेवरची माणसे त्याला बघत नाहीत. तोही त्यांना बघत नाही. त्यांची नावे एकमेकांना माहीत नसतात. तरी तोफ बंद पडली तर तो उघड्यावर पडतो. म्हणून तोफ सोडून जाणे म्हणजे आपल्यावर भरवसा ठेवणाऱ्याला सोडून जाणे. तोफखान्याची सारी रीत या एका गोष्टीवर उभी आहे.

गोलंदाज हा शब्द

आजकाल गोलंदाज म्हटले की क्रिकेटचा खेळाडू डोळ्यांपुढे येतो. पण हा शब्द मुळात तोफखान्याचा. गोलंदाज म्हणजे गोळा फेकणारा, तोफ चालवणारा माणूस. चेंडूच्या खेळात तो फार नंतर आला.

आपल्या मुलखाला तोफा नव्या नाहीत. पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे. पुरंदर तालुक्यात सोनोरी गावाजवळ मल्हारगड आहे, तो पानसे घराण्याने बांधला. पानिपतावर १७६१ साली मराठ्यांकडून इब्राहिमखान गारदी तोफा आणि शिस्तीच्या पलटणी घेऊन लढला. त्या दिवशी तो कैद झाला आणि पुढे मारला गेला. अहिल्यानगर शहरात अजून तोफखाना नावाचा भाग आहे. नावे राहिली, माणसे गेली.

पण तोफ न सोडण्याची खरी गोष्ट असईची आहे. असई हे गाव जालना जिल्ह्यात. तिथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी मोठी लढाई झाली. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची फौज. दुसऱ्या बाजूला इंग्रजांची फौज. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली. पुढे १८१५ साली वॉटर्लू येथे नेपोलियनला हरवणाऱ्यांत हाच प्रमुख होता.

शिंद्यांच्या तोफांनी त्या दिवशी इंग्रजांची दाणादाण उडवली. तरी इंग्रज पलटणी मार खात पुढे आल्या. मराठी फौजेचे पायदळ मागे हटू लागले. पण गोलंदाज तोफांजवळच उभे राहिले. संगिनी अंगात घुसल्या तरी हलले नाहीत. काही जण मेल्याचे सोंग घेऊन तोफांखाली पडून राहिले. इंग्रज त्यांना ओलांडून पुढे गेले. तेव्हा हे उठले, तोफा फिरवल्या आणि इंग्रजांच्या पाठीवर गोळे सोडू लागले. तोफा परत घ्यायला इंग्रजांना पुन्हा मागे यावे लागले.

लढाई आपण हरलो. ९८ तोफा इंग्रजांच्या हाती गेल्या. त्या गोलंदाजांची नावे कुठल्या दगडावर कोरलेली नाहीत. पण त्यांनी तोफ सोडली नाही, हे शत्रूने लिहून ठेवले.

२८ सप्टेंबर १८२७

पुढे पेशवाई गेली. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात आपली फौज वाढवली. तीत देशी माणसांचा तोफखाना होता. त्याला गोलंदाज बटालियन म्हणत. या बटालियनची एक नवी कंपनी २८ सप्टेंबर १८२७ रोजी उभी राहिली. तिचे नाव पुढे बदलत बदलत ५ बॉम्बे माउंटन बॅटरी असे झाले. माउंटन म्हणजे डोंगर. डोंगरी तोफांची ही तुकडी. ती आजही भारतीय तोफखान्यात आहे. म्हणून २८ सप्टेंबर हा दिवस आपला तोफखाना दरसाल वाढदिवसासारखा पाळतो. त्याला गनर्स डे म्हणतात. गनर म्हणजे तोफखान्यातला शिपाई. बाईंच्या मुलाच्या नावापुढेही आता हाच शब्द लागतो.

मग १८५७ साल आले. उठाव झाला. देशी गोलंदाजांनी शिकलेली विद्या पुष्कळ ठिकाणी इंग्रजांवरच चालवली. इंग्रज मनात घाबरले. उठाव मोडल्यावर त्यांनी ठरवले की मोठी तोफ हिंदी माणसाच्या हाती द्यायची नाही. बंदूक द्यायची, घोडा द्यायचा, पण तोफ गोऱ्यांच्याच हाती ठेवायची. त्यांनी देशी तोफखाना जवळजवळ सगळा मोडून टाकला.

फक्त थोड्या डोंगरी बॅटऱ्या तेवढ्या राहिल्या. कारण सरहद्दीच्या डोंगरात गोऱ्या पलटणींना त्यांच्यावाचून चालत नव्हते. तोफ हाती असलेल्या माणसाचा सत्ताधाऱ्याला केवढा धाक वाटतो, ते यावरून कळते.

खेचराच्या पाठीवरची तोफ

या डोंगरी तोफा पाहण्यासारख्या होत्या. डोंगरात गाडीवाट नसते. मग तोफ न्यायची कशी? ती सुटी करायची आणि खेचरांच्या पाठीवर लादायची. अडीच इंची तोफेची नळी तर दोन तुकड्यांची होती. जागेवर गेल्यावर दोन्ही तुकडे पेचाने फिरवून जोडायचे. एका खेचरावर नळीचा एक तुकडा, दुसऱ्यावर दुसरा. तिसऱ्यावर चाके. बाकीच्यांवर गाडा आणि इतर सामान.

खेचर सांभाळणाऱ्याला तिथे ड्रायव्हर म्हणत. हुकूम झाला की ओझी उतरत, तोफ जोडली जाई आणि बघता बघता गोळा सुटे. खेचराला आधी दाणापाणी, मग आपली भाकरी, अशी तिथली रीत. बैल पाळणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

अशा दोन हिंदी डोंगरी बॅटऱ्या पहिल्या महायुद्धात तुर्कस्थानातल्या गॅलिपोली येथे लढल्या. २५ एप्रिल १९१५ रोजी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची फौज तिथल्या किनाऱ्यावर उतरली. त्याच दिवशी या बॅटऱ्या खेचरांसह उतरू लागल्या. समोर उभे कडे आणि वरून गोळ्यांचा पाऊस. त्या गोऱ्या शिपायांची आणि आपल्या गोलंदाजांची भाषा निराळी, देश निराळा. पण तोफेचा आवाज ऐकून त्यांना धीर येई.

मोठ्या मैदानी तोफा हिंदी माणसांच्या हाती पुन्हा आल्या त्या १९३५ साली. त्या साली बंगळूरला पहिली हिंदी मैदानी तोफांची तुकडी उभी राहिली. म्हणजे उठाव मोडल्यापासून जवळजवळ पाऊणशे वर्षे गेली. तिथून पुढे मात्र आपल्या माणसांनी मागे पाहिले नाही. तोफखान्यातले अधिकारी परमशिव प्रभाकर कुमारमंगलम् १९६६ साली सगळ्या भारतीय भूसेनेचे प्रमुख झाले.

हवालदार उमराव सिंग

आता ज्या माणसाची गोष्ट ऐकल्यावर बाईंच्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते, त्याच्याकडे येऊ.

उमराव सिंग हे हरियाणातल्या पलडा गावचे. झज्जर जिल्हा. शेतकऱ्याचा मुलगा. दुसऱ्या महायुद्धात ते डोंगरी तोफखान्यात हवालदार होते. एका तोफेचे नंबर एक. साल १९४४. ब्रह्मदेशात जपानी फौजेशी लढाई चालली होती. ब्रह्मदेशाला आज म्यानमार म्हणतात. तिथे कलादान नावाच्या नदीचे खोरे आहे. त्या खोऱ्यात, अगदी पुढच्या जागी, उमराव सिंगांची तोफ होती.

१५ डिसेंबरची रात्र. जपान्यांनी तोफा आणि उखळी तोफा यांचा मारा सुरू केला. दीड तास मारा चालला. मग दोन कंपन्यांहून कमी नाही एवढे शिपाई तोफेवर धावून आले.

उमराव सिंगांनी हलकी मशीनगन हाती घेतली. आपल्या माणसांना बंदुकांनी कुठे मारायचे ते सांगत राहिले. हातबॉम्बने ते दोनदा जखमी झाले. पहिला हल्ला परतवला. दुसरा आला. तिसरा आला. एकेक माणूस पडत गेला. शेवटी उमराव सिंग आणि आणखी दोघे, एवढेच लढायला उरले. काडतुसेही संपत आली.

मग शेवटचा हल्ला आला. हाती काही उरले नव्हते. तोफ हलवायला वापरतात तो जाड लोखंडी दांडा तिथे पडला होता. आपल्याकडच्या पहारीसारखा. तो उचलून उमराव सिंग शत्रूवर तुटून पडले. तिघांना लोळवताना त्यांना लोकांनी पाहिले. मग ते गर्दीत दिसेनासे झाले.

सहा तासांनी आपल्या बाजूने उलट चढाई केली आणि ती जागा परत मिळवली. उमराव सिंग तोफेशेजारी पडलेले सापडले. अंगावर सात मोठ्या जखमा. चेहरा ओळखू येत नव्हता. भोवती दहा जपानी मरून पडले होते. आणि तोफ? तोफ जाग्यावर होती. तिला फारसे काही झाले नव्हते. त्याच दिवशी त्या तोफेतून पुन्हा गोळे सुटले.

उमराव सिंग वाचले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या काळचे ते सगळ्यांत मोठे शौर्यपदक. पुढे ते गावी परतले आणि आपल्या थोड्या जमिनीत राबू लागले. पैशाची ओढाताण होती. ते पदक विकत घ्यायला लोक मोठमोठ्या रकमा देऊ करत होते. त्यांनी विकले नाही. त्या रात्री तोफेजवळ जे मेले त्यांचा तो अपमान होईल, असे त्यांचे म्हणणे होते. १९९५ साली ते लंडनला एका समारंभाला गेले. तिथे त्यांनी इंग्लंडच्या पंतप्रधानांना सरळ सांगितले की हे पदक मिळवलेल्या हिंदी शिपायांना वर्षाला मिळणारे पैसे फार थोडे आहेत. पुढे ती रक्कम वाढली. असा हा माणूस. रणात शत्रूपुढे वाकला नाही आणि म्हातारपणी रास्त मागणे मागताना लाजला नाही. २१ नोव्हेंबर २००५ रोजी ते वारले.

म्हणून तोफ हेच निशाण

आता बाईंचा प्रश्न पुन्हा घेऊ. तोफखान्याला वेगळे निशाण का नाही?

पायदळाचा शिपाई पुढे चालत असतो. त्याला एकत्र यायला खूण लागते. तोफखान्याची माणसे मुळातच तोफेभोवती एकत्र असतात. तोफ हीच त्यांची खूण. निशाण शत्रूच्या हाती जाणे ही जशी पलटणीची नामुष्की, तशी तोफ शत्रूच्या हाती जाणे ही तोफखान्याची नामुष्की. शिवाय तोफ हाती लागली तर शत्रू ती आपल्यावरच फिरवणार. म्हणून जुन्या काळी तोफ वाचवणे अगदीच अशक्य झाले तर बत्ती द्यायच्या भोकात खिळा ठोकून ती निकामी करत आणि मगच मागे सरत.

ज्या वस्तूसाठी माणसे जीव देतात, तिचाच मान निशाणाचा. म्हणून तोफखान्यात कापडाचे वेगळे निशाण केलेले नाही. परेडला तोफा समोरून जातात तेव्हा निशाणाचा मान तोफांना मिळतो. आपला तिरंगा सगळ्यांच्या वर आहेच. तो पायदळालाही आणि तोफखान्यालाही.

तोफखान्याचे एक बोधवाक्य आहे. सर्वत्र इज्जत-ओ-इक्बाल. म्हणजे सगळीकडे मान आणि यश. सगळीकडे का? तर पायदळाची एक पलटण या लढाईला असते, दुसरी त्या लढाईला असते. तोफखाना मात्र बहुतेक प्रत्येक लढाईत कुठे ना कुठे असतोच. एखाद्या तुकडीने फार मोठे काम केले तर त्या लढाईच्या जागेचे नाव तिला मानाने जोडतात.

आणखी एक रीत तुम्ही स्वतः पाहिली असेल. २६ जानेवारीला दिल्लीत राष्ट्रगीत चालू असताना २१ तोफांची सलामी होते. राष्ट्रगीत ५२ सेकंदांचे. तेवढ्याच वेळात २१ बार बरोबर बसवायचे. एक मागे नाही, एक पुढे नाही. या बारांत गोळा नसतो, नुसती दारू असते. पूर्वी ही सलामी इंग्रजांच्या काळच्या पंचवीस पौंडी तोफांनी देत. २०२३ सालापासून ती आपल्या देशात बनलेल्या १०५ मिलिमीटरच्या तोफांनी देतात.

कारगिलचे शिखर

कोणी म्हणेल, या जुन्या गोष्टी झाल्या. तर १९९९ सालची गोष्ट ऐका. पाकिस्तानी फौज कारगिल भागात डोंगरांच्या माथ्यांवर येऊन बसली होती. माथे बर्फाचे. वरून खालचा रस्ता सगळा दिसे. आपल्या पायदळाला खालून उघड्या उतारावरून चढायचे होते. आडोसा नाही, झाड नाही.

तेव्हा तोफखान्याने वाट करून दिली. बोफोर्स तोफेचा एक गोळा चाळीस किलोहून जड. सिमेंटच्या गोणीपेक्षा थोडा कमी. असे गोळे पातळ हवेत, जिथे नुसते चालताना धाप लागते, तिथे माणसे रात्रंदिवस उचलत होती. शत्रूचे गोळेही त्यांच्यावर येत होते. त्या लढाईत आपल्या तोफखान्याने अडीच लाखांच्या आसपास गोळे, बॉम्ब आणि अग्निबाण डागले. आपले शिपाई माथ्याच्या अगदी जवळ पोचेपर्यंत मारा चालू ठेवायचा आणि नेमक्या वेळी थांबवायचा, असे ते काम. एका आकड्याची चूक चालत नव्हती.

द्रासजवळ एक शिखर आहे. त्याची उंची ५१४० मीटर. त्याला नाव नव्हते, नुसता आकडा होता. २०२२ साली त्याला गन हिल असे नाव दिले. गन हिल म्हणजे तोफेची टेकडी. शिखर जिंकले पायदळाने. नाव दिले तोफेचे. पुढच्याने मागच्याचे उपकार असे मानले.

आणि आता तर २०२३ साली पाच मुली अधिकारी होऊन तोफखान्यात दाखल झाल्या. ज्या विद्येपासून एके काळी सगळ्या देशाला दूर ठेवले होते, ती विद्या आज आपल्या लेकी शिकत आहेत.

वर्गातली रात्र

हे सगळे आम्ही दोन रात्री वर्गात सांगितले. बाई एका जागी बसून ऐकत होत्या. उमराव सिंगांची गोष्ट आली तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला. गोष्ट संपल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही.

मग बाई म्हणाल्या, "गुरुजी, म्हणजे वेळ आली तर माझं पोरगं तोफ सोडून यायचं नाही."

आम्ही काय बोलणार? खोटा धीर देणे आम्हाला जमले नाही. आम्ही म्हणालो, "बाई, त्याने शपथ तीच घेतली आहे. तुमच्यासमोर घेतली आहे. पण तो तिथे एकटा नसतो. टोळीतली माणसे एकमेकांना सांभाळतात. आणि त्याच्या तोफेच्या भरवशावर पुढे दुसऱ्या आयांची मुले असतात. कोण जाणे, तुमच्या शेजारणीचा मुलगाही असेल."

बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "हे तिला सांगते. तिचं निशाण खरं, आणि आमचंही खरं."

त्यांनी पाटी पुढे ओढली आणि म्हणाल्या, "ते लिहायला शिकवा." आम्ही फळ्यावर तीन अक्षरे लिहिली. गनर. त्यांनी ती खाली उतरवून घेतली. 'ग' जरा तिरका आला. तो पुसला आणि पुन्हा काढला. मग त्या अक्षरांपुढे त्यांनी आपल्या मुलाचे नाव स्वतःच्या हाताने लिहिले.